अनुवादकाला कुठे लाज वाटली ते बघा

वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यात वाचायच्या जाड पुस्तकांबद्दल लिहिताना गेल्या अंकात मी प्राचीन ग्रीक कवी होमरची ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही दोन नावं घातली होती. कुणाचा अनुवाद घ्यावा हे मुद्दाम लिहिलं नव्हतं. ज्यांना खरंच वाचायचंय ते विचारतील, असा अंदाज होता. तो खरा ठरला. आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते.

बाई, सप्रेम नमस्कार. ऑनलाइन दुकानात ‘इलियड’ शोधलं तर मुखपृष्ठांची रांगच लागली. एकाला पाच तारे, दुसऱ्याला तीन. ग्रीक मला येत नाही आणि या वयात येणारही नाही. मग कुठला अनुवाद चांगला, हे माझ्यासारख्याने ठरवायचं कसं?
— एक निवृत्त बँक अधिकारी, रत्नागिरी

तारे मोजू नका. त्यात बऱ्याचदा कागदाची जाडी आणि घरी आलेल्या खोक्याची अवस्था मोजलेली असते. शिवाय एकाच अनुवादाखाली दुसऱ्याच अनुवादाचे अभिप्राय चिकटवलेले असतात, तेव्हा कोण कशाला नावं ठेवतंय ते कळायला मार्ग नाही.

ग्रीक न येता अनुवाद जोखायची माझी एक युक्ती आहे. अनुवादकाला कुठे लाज वाटली ते शोधायचं. होमर कशालाच लाजत नाही. राजा रडतो, देव लंगडतो, वीराच्या पोटातून आतडी बाहेर येतात, आणि हे सगळं तो एकाच सुरात सांगतो. अनुवादकाला मात्र आपल्या काळाची, आपल्या वाचकांची भीड असते. ती भीड जिथे आडवी येते तिथे ओळ एकदम गुळगुळीत होते.

दुकानात किंवा नमुन्याच्या पानांत ‘इलियड’चा नववा सर्ग काढा, ४८५ ते ४९५ या ओळींच्या आसपास. ट्रॉयचं युद्ध चालू आहे, आणि ग्रीकांचा वीर अकिलीस रुसून आपल्या तळावर बसलाय, लढायला यायला तयार नाही. त्याला लहानाचा मोठा केलेला म्हातारा फॉइनिक्स समजूत घालायला आलाय. तो म्हणतो, अरे, तू दुसऱ्या कुणाबरोबर जेवायलाच बसायचा नाहीस. मी तुला मांडीवर घ्यायचो, मांस कापून घास भरवायचो, द्राक्षमद्याचा प्याला तोंडाला लावायचो. आणि तू ते मद्य थुंकून माझा छातीवरचा अंगरखा कितीदा तरी भिजवलायस.

ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा, आणि त्याच्याबद्दल भर बैठकीत हे! ज्याने घरात मूल वाढवलंय त्याला या ओळीचं मोल सांगायला नको. आता अलेक्झांडर पोपचा १७१५ ते १७२० या काळात आलेला प्रख्यात इंग्रजी अनुवाद उघडा. तिथे थुंकणं नाही, अंगरखा नाही, मद्यही नाही. आहे काय, तर कोमल परिश्रम आणि तत्पर काळजी. कडक इस्त्री मारलेली ओळ! सॅम्युएल बटलरने १८९८ साली साधं गद्य केलं, पण बाळाची लाळ आणि भिजलेलं कापड त्याने जागच्या जागी ठेवलं.

दुसरं ठिकाण अकराव्या सर्गात, ओळ ५५८ पासून. ग्रीकांचा वीर एजॅक्स हळूहळू मागे हटतोय, पण पळत नाही. त्याला आधी सिंहाची उपमा दिली आहे, ती सगळेच अनुवादक उत्साहाने करतात. लगेच पुढे दुसरी उपमा येते, ती गाढवाची. शेतात शिरलेलं गाढव, पाठीवर काठ्या मोडेपर्यंत मारणारी पोरं, आणि पोट भरल्याशिवाय न हलणारं ते जनावर. पोपने गाढव हा शब्दच गाळला आणि मंद, बलदंड पशू असं काहीतरी करून ठेवलं. आपल्या काळच्या रुचीचा मान राखायचा म्हणून हे केलं, असं त्याने टीपेत सांगूनही टाकलंय. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला पोप आवडतो. त्याचं काव्य म्हणून मी ते आजही वाचते. पण पहिला होमर म्हणून तुम्ही ते घेऊ नका. रिचर्ड बेंटली या जुन्या पंडिताच्या नावावर एक शेरा सांगतात: कविता सुरेख आहे पोपसाहेब, पण तिला होमर म्हणू नका.

लाजेचं शास्त्र पुढच्या शतकात झालं. मॅथ्यू आर्नल्डने ऑक्सफर्डच्या व्याख्यानांतून होमरच्या अनुवादाच्या चार कसोट्या सांगितल्या. त्या १८६१ साली पुस्तकरूपाने आल्या. वेग हवा, भाषा सरळ हवी, विचार सरळ हवा आणि सूर उदात्त हवा. फ्रान्सिस न्यूमन नावाच्या विद्वानाने १८५६ साली केलेल्या ‘इलियड’ची त्यात त्याने सालपटं काढली, आणि न्यूमननेही उत्तर दिलं. पहिल्या तीन कसोट्यांवर माझी सही आहे. चौथीने घोळ घातला. उदात्त व्हायच्या नादात त्या काळच्या अनुवादकांनी बायबलची जुनी इंग्रजी होमरच्या अंगावर चढवली. बुचर आणि लँग यांची ‘ओडिसी’ १८७९ची, लँग, लीफ आणि मायर्स यांची ‘इलियड’ १८८३ची. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या आणि स्वस्तात छापलेल्या प्रती बहुतेक असल्या जुन्याच असतात, कारण त्यांचे हक्क संपलेत. मुखपृष्ठावर नवाकोरा शिरस्त्राणधारी असतो आणि आत भाषा दीडशे वर्षांपूर्वीची. म्हणून आधी आतलं पान उघडून अनुवादकाचं नाव बघा. नावच दिलेलं नसेल तर प्रत परत ठेवा.

तुम्हाला एकच प्रत घ्यायची असेल तर रॉबर्ट फेगल्सची १९९०ची ‘इलियड’ घ्या. तिला बर्नार्ड नॉक्स यांची दीर्घ प्रस्तावना आहे. ती आधी वाचली तर युद्ध का चाललंय, देव कुणाच्या बाजूचे, हे सगळं नीट लागतं. फेगल्स कधीकधी आवाज चढवतो. मूळ सूर इतका तार नाही. पण पहिल्या वाचनात तो तुम्हाला शेवटपर्यंत घेऊन जाईल. दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा रिचमंड लॅटिमोरची १९५१ची घ्या. माझी स्वतःची प्रत तीच, आणि तिची बांधणी केव्हाच उसवली आहे.

बाई, मी पुण्यात एम.ए. संस्कृत करते. गद्य अनुवाद वाचावा की पद्य? आमचे सर म्हणतात, महाकाव्य गद्यात वाचणं म्हणजे न वाचणंच. आणि होमरचं वृत्त आपल्याकडच्या कुठल्या वृत्तासारखं आहे का?

सरांना माझा नमस्कार सांग, पण इतकं कडक होऊ नकोस. ई. व्ही. रियू यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘ओडिसी’ बायकोला तोंडी अनुवाद करून ऐकवायला सुरुवात केली. त्यातून १९४६ साली गद्य अनुवाद आला आणि ते पेंग्विन क्लासिक्स मालेचं पहिलंच पुस्तक ठरलं. ज्यांनी कधी महाकाव्याला हात लावला नसता अशा लाखोंनी तो वाचला. गोष्ट म्हणून ‘ओडिसी’ गद्यात छान चालते. ‘इलियड’ चालत नाही. तिथे गोष्ट थोडी आणि माणसं मरणं फार. ओळीचा ठेका नसेल तर पाचव्या सर्गापासून मन सुन्न होतं, मग कंटाळतं.

आता वृत्त. इथे तुझ्याकडे असं भांडवल आहे जे इंग्रज वाचकाकडे नाही. ग्रीक वृत्त आघातावर चालत नाही, लघुगुरूवर चालतं. होमरच्या ओळीत सहा पाद. पहिल्या पाचांपैकी प्रत्येक पाद म्हणजे एक गुरू आणि दोन लघू, म्हणजे आपला भगण. ‘यमाताराजभानसलगा’तला ‘भानस’. त्या दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो. पाचवा पाद बहुतेक वेळा भगणच असतो. सहावा दोन अक्षरांचा. म्हणून ओळ कधी बारा अक्षरांची होते, कधी सतराची, पण कानाला लांबी तीच लागते.

मात्रा मोज. भगणाच्या चार, दोन गुरूंच्या चार. चार-चार मात्रांचे गण पाठोपाठ. कुठे पाहिलंय हे? मोरोपंतांच्या आर्येत. आर्येचे नियम वेगळे, तिचा डौल वेगळा, आणि पंतांची यमकं होमरकडे अजिबात नाहीत. पण चार मात्रांच्या चौकटीत गुरू-लघूंची अदलाबदल ऐकायची सवय तुझ्या कानाला आहे. हीच सवय लावून घ्यायला इंग्रज विद्यार्थ्याला वर्ष जातं. खरं तर तू गद्य-पद्याच्या वादात न पडता ग्रीक लिपी शीक आणि ‘इलियड’च्या पहिल्या दहा ओळी मोठ्याने म्हण. ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या लोएब मालेत डाव्या पानावर ग्रीक, उजव्यावर इंग्रजी असतं. ग्रीकची पुस्तकं हिरवी, लॅटिनची लाल. ए. टी. मरी यांचा तिथला अनुवाद कवितेच्या दृष्टीने रुक्ष आहे, पण एकेक शब्द लावायला त्यासारखा सोबती नाही. नवी, सुधारलेली आवृत्ती बघून घे, ‘ओडिसी’ १९९५ची आणि ‘इलियड’ १९९९ची. जुनीत ती बायबली इंग्रजी आहे.

इंग्रजीत लघुगुरू नाहीत, आघात आहेत. त्यामुळे प्रत्येकाने आपापली वाट काढली. पोपने दोन-दोन ओळींची यमकं जुळवली. विल्यम कूपरने १७९१ साली निर्यमक छंद घेतला. लॅटिमोरने सहा आघातांची सैल, लांब ओळ घेतली आणि ग्रीक ओळीच्या जवळजवळ समोर आपली ओळ ठेवली. एमिली विल्सनची २०१७ची ‘ओडिसी’ तर शब्दशः समश्लोकी आहे. मुळात जितक्या ओळी तितक्याच तिच्यात. विनोबांच्या ‘गीताई’तली समश्लोकी शिस्त तुला माहीत आहेच. पण इथे एक अडचण बघ. विल्सनची ओळ दहा अक्षरांची आणि होमरची बारा ते सतरा अक्षरांची. ओळी तेवढ्याच ठेवायच्या म्हटल्यावर काहीतरी गळणारच, आणि बहुतेक वेळा गळतात ती विशेषणं. त्याने वेग येतो, भारदस्तपणा जातो. २०२३च्या तिच्या ‘इलियड’मध्ये तिने ओळींच्या संख्येची ही अट सोडली. ते मला शहाणपणाचं वाटलं.

एक गृहपाठ देते. ‘मेघदूता’चे मराठी अनुवाद चिंतामणराव देशमुखांनी केले, कुसुमाग्रजांनी केले, बोरकरांनी केले, शांताबाईंनी केले. तुला मूळ येतं. एक श्लोक घे आणि चौघांनी त्यात काय सोडलं ते लिही. मग होमरचे अनुवादक वाच. न येणाऱ्या भाषेतलंही गळलेलं तुला दिसायला लागेल.

‘इलियड’ वाचायला घेतली, पण तेच तेच किती! पायांनी वेगवान अकिलीस, गुलाबी बोटांची उषा, आणि एकाने सांगितलेला निरोप दुसरा पुन्हा अक्षरशः तसाच सांगतो. आजच्या अनुवादकांनी हे कापायला नको का?
— एक गृहिणी, ठाणे

नको. आणि हे नुसतं ‘मूळ ते मूळ’ म्हणून सांगत नाही.

या आवर्तनांचं मूळ मिलमन पॅरी या तरुण अमेरिकन अभ्यासकाने १९२८ साली पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधांत उलगडलं. ही विशेषणं लहर लागेल तशी येत नाहीत. ओळीत जेवढी जागा उरली असेल तेवढ्या मापाचं विशेषण येतं. उभ्याउभ्या रचून गाणाऱ्या परंपरेची ती घडवलेली सामग्री. पुढे १९३३ ते १९३५ या काळात पॅरी युगोस्लाव्हियात गेला, आल्बर्ट लॉर्ड सोबत होता, आणि तिथल्या निरक्षर गायकांची हजारो ओळींची आख्यानं त्यांनी ध्वनिमुद्रित केली. पॅरी १९३५ सालीच वारला, वय अवघं ३३. त्या गायकांकडेही हीच रीत. आपल्या शाहिरांचा पोवाडा किंवा जात्यावरची ओवी ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. ‘तेच तेच’ ही तक्रार मनातल्या मनात वाचणाऱ्याची असते.

पण तुम्ही नेमका निरोपांचा मुद्दा काढलात, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. माझ्या मते होमरच्या अनुवादाची खरी परीक्षा तिथेच आहे.

नवव्या सर्गात ग्रीकांचा सेनापती राजा आगामेम्नॉन अकिलीसची मनधरणी करायला नजराणा जाहीर करतो. यादी लांबलचक आहे. सात तिवया, सोन्याची दहा वजनं, वीस हंडे, शर्यती जिंकलेले बारा घोडे, लेस्बॉसच्या सात कुशल स्त्रिया, अकिलीसकडून हिरावून घेतलेली बंदिनी ब्रिसेइस, तिला स्पर्शही केलेला नाही अशी शपथ, ट्रॉय पडल्यावर आणखी वीस बायका, तीनपैकी हवी ती मुलगी बायको म्हणून, वर सात नगरं. यादीच्या शेवटी चार ओळी आहेत. त्यांत तो म्हणतो, आता त्याने नमतं घ्यावं. मृतांच्या राज्याचा देव हेडिस तेवढा कशाने वळत नाही, म्हणून तर तो माणसांना सर्वांत नकोसा. त्याने मला मान द्यावा. मी जास्त मोठा राजा, आणि वयानेही वडील.

मग ओडिसियस हा ग्रीक सरदार निरोप घेऊन अकिलीसकडे जातो आणि ही सगळी यादी जवळजवळ अक्षरशः म्हणून दाखवतो. तिवया, हंडे, घोडे, मुली, नगरं. आणि त्या चार ओळी गिळतो. त्यांच्या जागी दुसरंच बोलतो. आगामेम्नॉन तुला नकोसा असेल तर असू दे, पण बाकीच्या दमलेल्या सैन्याची दया कर.

अकिलीसने मूळ भाषण ऐकलेलं नाही. तरी त्याच्या उत्तराच्या सुरुवातीलाच तो काय म्हणतो बघा. मनात एक दडवून तोंडाने दुसरं बोलणारा माणूस मला हेडिसच्या दरवाजाइतका नकोसा वाटतो. गिळलेल्या ओळींतला हेडिस आपोआप त्याच्या तोंडी येतो! समोर बसलेल्या श्रोत्याने यादी पहिल्यांदा नीट ऐकलेली असते, म्हणून दुसऱ्या वेळी ती कुठे तुटली ते त्याला जाणवतं. आता समजा एखाद्या अनुवादकाने ‘वाचक कंटाळेल’ म्हणून दुसरी यादी आटोपशीर केली, किंवा शब्द बदलून नवी केली. मग सगळंच वेगळं झालेलं असताना गाळलेल्या चार ओळी कुणाच्या लक्षात येणार? ओडिसियसची लबाडी पुस्तकातून नाहीशी होते. लॅटिमोरने दोन्ही याद्या समोरासमोर ठेवता येतील अशा ठेवल्या आहेत. ओळी १२२ ते १६१ आणि २६४ ते ३०६ शेजारी उघडून बघा.

पोपच्या काळाला गाढवाची लाज वाटायची, आपल्या काळाला आवर्तनाची वाटते. रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणणारी बाई ‘हरि मुखें म्हणा’ पुन्हा आलं म्हणून कधी कुरकुरत नाही. ती काही कमी चोखंदळ श्रोती नव्हे.

आमच्या वाचनगटात दोन तट पडलेत. एमिली विल्सनने होमरला आजचे विचार चिकटवले, तिचा अनुवाद वाचू नये, असं एक म्हणतो. दुसरा म्हणतो, तोच एक खरा. तुमचं मत?
— न्यू जर्सी, अमेरिका

दोघांनाही पुस्तक उघडायला सांगा. ‘ओडिसी’च्या बावीसाव्या सर्गात जा. ओडिसियस घरी परतलाय, त्याची बायको पेनेलपी हिला मागणी घालत घरात ठाण मांडून बसलेल्यांना त्याने मारलंय. मग घरातल्या पन्नासांपैकी बारा दासींना त्याचा मुलगा टेलेमाकस जहाजाच्या दोराने फासावर लटकवतो. त्या सापळ्यात सापडलेल्या पाखरांसारख्या तडफडतात, थोडा वेळ, फार नाही. फाशी देण्यापूर्वी टेलेमाकस जे बोलतो त्यात ग्रीकमध्ये शिवी नाही. ज्यांनी माझी आणि माझ्या आईची निंदा केली, त्या पुरुषांजवळ निजल्या, एवढंच आहे. फेगल्सने तिथे वेश्यावाचक शिव्या घातल्या. विल्सनने घातल्या नाहीत. मग आपल्या काळाचे विचार कुणी चिकटवले?

अर्थात ‘ओडिसी’त इतर ठिकाणी या बायकांना कुत्री म्हटलेलं आहे. तिथे ते झाकायचंही कारण नाही. होमर गुलामीला नावं ठेवत नाही आणि लपवतही नाही. जुन्या इंग्रजी अनुवादांत याच बायका घरकाम करणाऱ्या पगारी बाया वाटाव्यात इतक्या सभ्य केलेल्या असतात. विल्सन त्यांना गुलाम म्हणते, कारण त्या गुलाम आहेत. यावर तिच्याशी भांडण असेल तर ते होमरशी आहे.

माझं भांडण वेगळं आहे. विल्सन उषेची ती प्रसिद्ध ओळ दर वेळी नव्याने सजवते, मुद्दाम. काही रूपं सुरेख आहेत. पण वर ठाण्याच्या बाईंना लिहिलं तेच तिलाही सांगेन. सकाळ रोज तशीच होते म्हणूनच ती ओळ तशीच असते. आणि ‘पहिली स्त्री अनुवादक’ म्हणून जो डांगोरा पिटला गेला, तो संपूर्ण इंग्रजी ‘ओडिसी’पुरता खरा. इंग्रजी ‘इलियड’ कॅरोलाइन अलेक्झांडर यांनी २०१५ सालीच केली होती. फ्रेंचमध्ये तर आन दासिए या बाईंनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच दोन्ही महाकाव्यं गद्यात आणली. पोपने तिचं पुस्तक जवळ ठेवूनच आपलं काम केलं.

तुमच्या गटाला विल्सनची ‘ओडिसी’ आणि रॉबर्ट फिट्झजेराल्डची १९६१ची ‘ओडिसी’ अशा दोन्ही घ्यायला सांगा. तट पडलेतच, तर एकेका तटाने विरुद्ध बाजूचं पुस्तक वाचावं.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, बारीक टाइप वाचवत नाही. होमरचं काही करता येईल का?
— नाशिक

तुमच्याइतका योग्य श्रोता नाही. हे मुळात ऐकण्यासाठीच रचलेलं काव्य. फेगल्सची ‘ओडिसी’ इअन मॅकेलन यांच्या आवाजात मिळते. विल्सनची ‘ओडिसी’ क्लेअर डेन्स यांनी आणि ‘इलियड’ ऑड्रा मॅकडॉनल्ड यांनी वाचली आहे. मॅकेलन यांच्यापासून सुरुवात करा. एका बैठकीत एक सर्ग, त्याहून जास्त नको. ‘इलियड’चा दुसरा सर्ग लागला की अर्ध्यानंतर जहाजांची आणि सरदारांची यादी येते, तिथे डोळा लागला तरी हरकत नाही.

एका पुस्तकात ओडिसियस, दुसऱ्यात युलिसीस. एकात झ्यूस, दुसऱ्यात जोव्ह. हे वेगवेगळे आहेत का?
— नागपूर

एकच. युलिसीस आणि जोव्ह ही लॅटिन नावं. पोप, बटलर यांच्या काळापर्यंत इंग्रज वाचकाला तीच ओळखीची होती. लॅटिमोर उलट टोकाला जाऊन अखिलेउस, हेक्टोर असं ग्रीक वळण ठेवतो. नावावरून अनुवादाचा काळ ओळखता येतो, दर्जा नाही.

मी सोलापूर जिल्ह्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. नववीच्या मुलांसाठी ‘ओडिसी’तले काही प्रसंग मराठीत करावेत असं मनात आहे. पण ग्रीक येत नाही, इंग्रजीवरूनच करावे लागतील. अनुवादाचा अनुवाद करावा का? आणि कुठून सुरुवात करू?

करा, सर. फक्त एकाच इंग्रजी पुस्तकावरून करू नका. लॅटिमोर, विल्सन आणि लोएबचे मरी, असे तिघे समोर ठेवा. जिथे तिघांचं जुळतं तिथे निर्धास्त पुढे जा. जिथे तिघे तीन दिशांना जातात, तिथे मुळात काहीतरी अवघड आहे असं समजा आणि सर्वांत साध्या वाक्याने लिहा. कडेला ग्रीक ओळींचे आकडे टाकत चला. पुढे कुणी तपासायला बसलं तर दुवा देईल.

भीती मला इंग्रजीची नाही, आपल्याच एका मराठीची आहे. पुराणकथा म्हटली की पेन आपोआप ‘हे प्राणनाथ’, ‘तात, आज्ञा असावी’ असं लिहू लागतं. नाटक-मालिकांनी ती सवय लावली आहे. होमरची भाषा गायकांची होती, रोज कुणी तशी बोलत नव्हतं हे खरं. पण वाक्य कसं सरळ धावतं!

सुरुवात एकडोळ्या राक्षसापासून करू नका, तो सगळेच करतात. सहाव्या सर्गातली नॉसिकाआ घ्या, ओळ ५७ पासून. राजाची मुलगी बापाकडे जाते आणि त्याला हाक मारते ‘पप्पा’. ग्रीकमध्ये खरोखरच ‘पाप्पा फिल्’ आहे, लाडकी हाक. तिथे ‘तात’ आलं की प्रसंग गेलाच. ती म्हणते, मला उंच, चांगल्या चाकांची गाडी जोडून द्या ना, मळके कपडे नदीवर धुवायला न्यायचेत. तुम्हाला सभेत स्वच्छ कपडे हवेत. पाच भाऊ आहेत, दोघांची लग्नं झालीत, तिघे बिनलग्नाचे, त्यांना नाचायला जाताना धुतलेलेच कपडे लागतात.

खरं कारण तिचं स्वतःचं लग्न आहे. रात्री स्वप्नात अथेने देवीने तेच मनात घातलेलं असतं. पण बापासमोर लग्नाचा शब्द काढायला तिला लाज वाटते, असं होमर स्पष्ट सांगतो, आणि बापाला सगळं कळतं असंही लगेच सांगतो. ही लाज कवितेतली आहे. ती मात्र जशीच्या तशी मराठीत आली पाहिजे. म्हणून तिचं बोलणं भावांच्या कपड्यांवरच संपू द्या. कंसात खुलासा घालू नका. नववीतल्या मुलींना तो लागणार नाही.

पुढे नदीवर त्या मुली कपडे पायांनी तुडवून धुतात, किनाऱ्याच्या गोट्यांवर वाळत घालतात, डबा खातात आणि चेंडू खेळतात. तो चेंडू पाण्यात पडतो, मुली ओरडतात आणि जवळच झुडपात झोपलेल्या ओडिसियसला जाग येते. तिथे तास संपवा. झुडपातून तो फांदी आडवी धरून बाहेर येतो, अंगावर एक चिंधी नसते. ते कसं सांगायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, वर्ग तुमचा आहे. आणि गाडीला खेचरं जुंपलेली आहेत. राजकन्या आहे म्हणून घोडे जुंपू नका.